वेढलेला मुलूख, तुटलेला मुलूख : एन्क्लेव्ह आणि एक्स्क्लेव्हबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलंमुली बसतात. त्यांचा भूगोल मी घेतो. राजकीय भूगोलात हे दोन शब्द आले की दरवर्षी तेच प्रश्न निघतात. काही मुलं विचारतात, काही प्रश्न त्यांचे वडील पारावर भेटल्यावर विचारतात, कारण आमचा भाग सीमेवरचा आहे आणि इथे सीमा हा घरातला विषय आहे. त्या सगळ्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवतो.

एन्क्लेव्ह म्हणजे नेमकं काय?

एकाच देशाच्या जमिनीने चारही बाजूंनी पूर्ण वेढलेला, पण सत्ता दुसऱ्याची असलेला मुलूख म्हणजे एन्क्लेव्ह. यात दोन अटी आहेत आणि दोन्ही पक्क्या लक्षात ठेवाव्या. पहिली, वेढा पुरता हवा, कुठेही फट नको. दुसरी, वेढणारा एकच हवा. दोन देशांनी मिळून वेढलं असेल तर काटेकोर व्याख्येत ते बसत नाही.

शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याचं मूळ लॅटिनमधल्या 'क्लाविस' या शब्दात आहे. क्लाविस म्हणजे किल्ली. आत ठेवून कुलूप लावलेली जागा, असा त्याचा भाव. मराठीत मी 'वेढलेला मुलूख' म्हणतो. मुलांना ते लगेच उमगतं.

आणि एक्स्क्लेव्ह?

एखाद्या देशाचा मुख्य भागापासून तुटून पडलेला तुकडा, ज्याच्याकडे जायचं तर मध्ये परक्या देशाची जमीन लागते, तो एक्स्क्लेव्ह. म्हणजे 'तुटलेला मुलूख'. त्याला किती देशांनी वेढलंय, हा प्रश्न इथे येत नाही. मूळ देशाशी जमिनीने जोड नाही, एवढंच पाहायचं.

मग फरक काय? दोन्ही एकच वाटतात.

फरक कोण बघतोय यात आहे. वेढणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर पोटात परकी जागा दिसते, तो एन्क्लेव्ह. मालकाच्या बाजूने बघितलं तर आपला तुकडा दूर पडलेला दिसतो, तो एक्स्क्लेव्ह. म्हणून वाक्य नेहमी पूर्ण बोलावं: अमुक जागा अमक्या देशातला एन्क्लेव्ह आहे, आणि तमक्या देशाचा एक्स्क्लेव्ह आहे. '-तला' आणि '-चा' हे दोन प्रत्यय सांभाळले तर चूक होत नाही.

काही जागा दोन्ही असतात. स्पेनचं लिव्हिया हे गाव पूर्णपणे फ्रान्सच्या आत आहे. जर्मनीचं ब्यूसिंगेन स्वित्झर्लंडच्या आत आहे.

काही जागा फक्त एन्क्लेव्ह असतात, कारण तो अख्खा देशच वेढलेला असतो. त्याचा मुख्य भाग दुसरीकडे कुठे नाही, त्यामुळे तुटण्याचा प्रश्नच नाही. असे देश जगात तीन आहेत: दक्षिण आफ्रिकेने वेढलेला लेसोथो, आणि इटलीने वेढलेले सान मारिनो व व्हॅटिकन सिटी. लेसोथो तीस हजार चौरस किलोमीटरहून थोडा मोठा आहे. व्हॅटिकन जेमतेम ४४ हेक्टर, म्हणजे शंभर-सव्वाशे एकर. आपल्याकडे एकेका मालगुजाराचं (गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराचं) घरचं वावर याहून मोठं असे.

आणि काही जागा फक्त एक्स्क्लेव्ह असतात. अझरबैजानचं नाखिचेवान मुख्य देशापासून तुटलेलं आहे, पण त्याला आर्मेनिया, इराण आणि तुर्कस्तान असे तीन शेजारी आहेत. रशियाचं कालिनिनग्राड पोलंड आणि लिथुआनियाच्या मध्ये आहे आणि एका बाजूला बाल्टिक समुद्र. अमेरिकेचं अलास्का कॅनडाच्या पलीकडे आहे. परीक्षेत नेमकं इथेच फसवतात. 'कालिनिनग्राड हा एन्क्लेव्ह आहे' असं विधान दिलेलं असतं आणि मुलं बरोबरची खूण करून मोकळी होतात.

समुद्रकिनारा असेल तर एन्क्लेव्ह म्हणायचं की नाही?

काटेकोरपणे नाही. जहाज काढलं की कोणाच्या परवानगीशिवाय बाहेर पडता येतं. अशांना अर्धवेढलेले म्हणतात. गांबिया हा देश तीन बाजूंनी सेनेगल आणि चौथ्या बाजूला अटलांटिक असा आहे. मोरोक्कोला लागून असलेली स्पेनची सेउता आणि मेलिया ही शहरं तशीच. बातम्यांत त्यांना सर्रास एन्क्लेव्ह म्हणतात. बोलण्यात चालून जातं, उत्तरपत्रिकेत चालत नाही.

नेपाळ, भूतान? त्यांनाही समुद्र नाही.

ते भूवेष्टित देश आहेत, एन्क्लेव्ह नाहीत. दोघांनाही भारत आणि चीन असे दोन शेजारी आहेत. प्रत्येक वेढलेला देश भूवेष्टित असतो, पण प्रत्येक भूवेष्टित देश वेढलेला नसतो.

अंदमान आपल्या देशाचा एक्स्क्लेव्ह आहे का? आणि ईशान्य भारत?

अंदमान नाही. मध्ये समुद्र आहे, परकी जमीन नाही. ईशान्य भारतही नाही. सिलिगुडीजवळचा पट्टा अगदी अरुंद भागात वीस-बावीस किलोमीटरचा आहे, पण आहे. तेवढ्या चिंचोळ्या पट्टीवरून रेल्वे, रस्ता, तेलाची पाइपलाइन सगळं जातं. नकाशावर करंगळीच्या नखाएवढी ती जागा नसती, तर आठ राज्यं एक्स्क्लेव्ह ठरली असती.

१९४७ ते १९७१ या काळातलं पूर्व पाकिस्तान मात्र तुटलेला मुलूख होतं. तिथे लोकसंख्या पश्चिमेपेक्षा जास्त होती, म्हणून 'मुख्य भाग कोणता' हा वाद करता येतो. सहसा राजधानी असते तो मुख्य भाग धरतात.

आमचं वावर चारही बाजूंनी दुसऱ्यांच्या वावरांनी वेढलंय. तो एन्क्लेव्ह का?

राजकीय भूगोलात नाही, कारण आतली आणि बाहेरची जमीन एकाच सत्तेखाली आहे. मालकी वेगळी, सार्वभौमत्व एकच. पण एन्क्लेव्ह समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही, आणि ते मी स्वतः भोगलेलं आहे.

आमचं साडेतीन एकर पांदणीपासून (शेतरस्त्यापासून) तीन वावरं आत आहे. माझ्या लहानपणी मधल्या तिन्ही धुऱ्यांवरून (बांधांवरून) बंडी, म्हणजे बैलगाडी, जायची, कोणी काही बोलत नसे. पुढे एक वावर विकलं गेलं. नव्या मालकाने धुरा नांगरून त्यात तुरीचं तास (ओळ) टाकलं आणि वाट गेली. त्या वर्षी बाबांनी सोयाबीनचं बियाणं आणि खताच्या थैल्या डोक्यावर नेल्या, एकेक करून, ओल्या चिखलातून, दुसऱ्याचं पीक तुडवलं जाऊ नये म्हणून तासाच्या मधून पाय टाकत. हंगाम संपल्यावर मळणीयंत्र आत नेता येईना. गंजी वावरातच राहिली, आणि वरून पाऊस आला. शेंगा काळ्या पडल्या. आमच्याकडे सातबारा होता, गट नंबर होता, नकाशावर हद्द बरोबर होती. कागदावर जमीन आमची होती आणि तिथपर्यंत पोचायचं कसं, हे दुसऱ्याच्या हातात होतं.

एन्क्लेव्हमध्ये राहणाऱ्या माणसाची अडचण हीच असते, फक्त शेजाऱ्याच्या जागी देश असतो. म्हणून या पानावर रस्त्याचा विषय पुन्हा पुन्हा येईल.

हे असे तुकडे पडतात तरी कसे?

बहुतेक जुन्या तुकड्यांच्या मुळाशी जहागिऱ्या आहेत. आजच्यासारखी सलग देशाची कल्पना पूर्वी नव्हती. सत्ता गावागणिक, वसुलीगणिक वाटलेली असे. नागपूर-भंडारा-चांदा (आजचं चंद्रपूर) भागातल्या मालगुजारीची आठवण अजून घरोघर आहे. एका मालगुजाराची गावं सलग असायचीच असं नाही. एक इथे, दुसरं दोन कोस पुढे, मध्ये तिसऱ्याचंच गाव. आपल्याकडे १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि ते तुकडे सरकारी दप्तरात विरघळले. युरोपात आणि बंगालमध्ये काही ठिकाणी अशाच वाटणीवर पुढे देशांच्या सीमा बसल्या, आणि मग ते विरघळू शकले नाहीत.

बेल्जियम-नेदरलँड्सच्या सीमेवरचं बार्ले हे गाव त्याचा नमुना. ११९८ साली ब्राबांतचा ड्यूक आणि ब्रेडाचा सरदार यांच्यात जमिनीचा करार झाला. काही जमीन सरदाराला, काही ड्यूकने स्वतःकडे राखलेली. आठशे वर्षांनी ती वाटणी आंतरराष्ट्रीय सीमा होऊन बसली आहे.

दुसरं कारण कागदातला एखादा शब्द. १६५९ च्या पिरेनीजच्या तहात स्पेनने डोंगरापलीकडच्या भागातली 'गावं' फ्रान्सला द्यायचं ठरलं. लिव्हियाला मात्र नगराचा दर्जा होता. नगर म्हणजे गाव नव्हे, असं म्हणून ते स्पेनने ठेवून घेतलं. आजूबाजूची तेहतीस गावं गेली, लिव्हिया राहिलं. ग्रामपंचायत की नगरपंचायत यावर आपल्याकडे मोर्चे निघतात ते उगाच नाही.

तिसरं कारण रेल्वे. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने फेनबान नावाचा लोहमार्ग बेल्जियमला मिळाला. तो जिथून जातो तिथे काही ठिकाणी दोन्हीकडे जर्मनी आहे. रुळाखालची पट्टी बेल्जियमची झाल्यामुळे पलीकडे राहिलेले जर्मनीचे तुकडे मूळ देशापासून तुटले. आता रूळ नाहीत, त्या पट्टीवर लोक सायकली चालवतात. पट्टी अजून बेल्जियमची आहे.

शकुंतला रेल्वे खासगी कंपनीच्या मालकीची. मग तिचा मार्ग एन्क्लेव्ह होता का?

नाही. हा प्रश्न अचलपूरकडच्या एका मुलीने विचारला होता आणि फार चांगला आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मार्गाची मालकी कंपनीची होती, पण त्या रुळांवर कायदा भारताचाच चालत होता. फेनबानच्या पट्टीवर कायदा बेल्जियमचा चालतो. मालक कोण, हे पाहायचं नाही. हुकूम कोणाचा, हे पाहायचं. परदेशी दूतावासही याच कारणाने एन्क्लेव्ह नसतो. त्याला संरक्षण आणि सवलती असतात, पण जमीन यजमान देशाचीच राहते.

एन्क्लेव्हच्या आत पुन्हा एन्क्लेव्ह असू शकतो?

असतो. बार्लेमध्ये बेल्जियमचे २२ तुकडे नेदरलँड्सच्या आत आहेत, आणि त्या तुकड्यांच्या पोटात नेदरलँड्सचे ७ तुकडे. शिवाय नेदरलँड्सचा एक तुकडा वेगळा बेल्जियमच्या मुख्य भूमीत पडला आहे. रस्त्यावर, फरशीवर पांढऱ्या फुल्या मारून सीमा दाखवलेली आहे. ती दुकानांतून जाते, घरांतून जाते. घर कोणत्या देशाचं, हे पुढचं दार कोणत्या देशात उघडतं त्यावरून ठरवतात. दाराच्या मधोमध सीमा असलेल्या घराला दोन घर क्रमांक आहेत. १९९५ साली सीमा पक्की झाली तेव्हा एका वृद्ध बाईचं घर दुसऱ्या देशात जात असल्याचं दिसलं. तिने दार आणि खिडकीच्या जागा बदलून घेतल्या आणि आपल्या देशात राहिली, असं तिथे सांगतात. २०२० च्या टाळेबंदीत दोन्ही देशांचे नियम वेगळे होते, तेव्हा तिथल्या एका कपड्याच्या दुकानाचा अर्धा भाग फीत लावून बंद होता आणि अर्धा चालू.

अरबस्तानात ओमानचं मधा हे संयुक्त अरब अमिरातीने वेढलेलं आहे आणि मधाच्या आत अमिरातीचं नहवा नावाचं गाव आहे.

आणि याच्याही पुढची पायरी जगात एकाच ठिकाणी होती, आपल्या शेजारी. दहला खागडाबाडी: बांगलादेशाच्या आत भारताचा तुकडा, त्याच्या आत बांगलादेशाचा तुकडा, आणि त्याच्याही आत भारताचं पावणेदोन एकरांच्या आसपासचं ताग पिकवणारं एक वावर. २०१५ साली ते भारताने बांगलादेशाला दिलं आणि जगातून ही पायरीच संपली.

छिटमहल म्हणजे हेच का? तिथे काय झालं?

हेच. कूचबिहार आणि रंगपूर या भागांतल्या या तुकड्यांना बंगालीत छिटमहल म्हणतात. कूचबिहारचा राजा आणि रंगपूरचा फौजदार बुद्धिबळात गावं पणाला लावत, त्यातून हे झालं, अशी कथा आहे. खरं कारण साधं आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मुघल आणि कूचबिहार यांच्यात तह झाला तेव्हा ज्याच्या माणसांचा ताबा जिथे होता तिथे तो तसाच राहिला. पुढे सगळं इंग्रजांच्या छत्राखाली आल्यावर त्याने कोणाचं काही अडलं नाही. १९४७ मध्ये रंगपूर पाकिस्तानात गेलं, १९४९ मध्ये कूचबिहार भारतात विलीन झालं, आणि एका रेषेने माणसं अडकली.

अडकली म्हणजे काय, हे मुलांना कळावं म्हणून मी नेहमी शाळेच्या दाखल्यापासून सुरुवात करतो. भारताच्या हद्दीने वेढलेल्या बांगलादेशी छिटमहलात राहणाऱ्या बापाला मुलाला जवळच्या भारतीय शाळेत घालायचं असे. पत्ता तर परदेशाचा. मग ओळखीच्या भारतीय माणसाचं नाव बाप म्हणून लावायचं. बायको बाळंतपणाला दवाखान्यात न्यायची तर नवरा म्हणून दुसऱ्याचं नाव सांगायचं. स्वतःच्या देशात जायला आधी परका देश बेकायदा ओलांडावा लागे, कारण पासपोर्ट काढायचं कार्यालयही पलीकडेच. वीज नाही, पोलीस नाही, रेशन नाही, मतदान नाही. दोन पिढ्या खोट्या बापाच्या नावाने शिकल्या. याला मी भूगोलातली गंमत म्हणून कधीच शिकवत नाही.

हा प्रश्न सोडवायला लागलेला वेळ बघा. १९५८ साली नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोजखान नून यांच्यात करार झाला. त्यात बंगालमधल्या बेरुबाडीचा काही भाग पाकिस्तानला द्यायचा होता, आणि १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मत दिलं की देशाचा मुलूख दुसऱ्याला द्यायचा तर घटनादुरुस्ती लागेल. १९७४ मध्ये इंदिरा गांधी आणि शेख मुजीबूर रहमान यांचा करार, २०११ चा प्रोटोकॉल, २०१५ ची शंभरावी घटनादुरुस्ती. शेवटी ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री भारताचे १११ आणि बांगलादेशाचे ५१ तुकडे एकमेकांना दिले गेले. आपण सुमारे १७,१६० एकर दिले आणि ७,११० एकर घेतले. २०११ च्या संयुक्त मोजणीत या सगळ्या तुकड्यांत ५१,५४९ माणसं होती. त्या रात्री लोकांनी ६८ मेणबत्त्या लावल्या, गेलेल्या ६८ वर्षांच्या.

हद्द बदलली, बहुतेक माणसं आपल्या घरातच राहिली. बांगलादेशात गेलेल्या भारतीय तुकड्यांतल्या जवळपास हजार जणांनी मात्र भारताचं नागरिकत्व निवडलं आणि घरदार सोडून इकडे आली.

एक मोठा तुकडा अदलाबदलीत नव्हता: दहाग्राम-आंगरपोता. तो बांगलादेशाचाच राहिला, कारण त्याला रस्ता मिळाला होता. तीन बिघा नावाची भारताची एक छोटी पट्टी १९९२ मध्ये वापरासाठी दिली गेली. आधी ती दिवसा ठराविक तास उघडत असे. २०११ पासून चोवीस तास खुली आहे. तीन बिघे जमीन एका वस्तीच्या जगण्याला पुरली.

जिवती तालुक्यातली चौदा गावं एन्क्लेव्ह आहेत का?

नाहीत. हा प्रश्न आमच्या भागात सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगतो.

माणिकगड पहाडावरची ही गावं महाराष्ट्र आणि तेलंगणा (आधी आंध्र) यांच्यातल्या वादातली आहेत. दोन्ही राज्यं त्यांच्यावर हक्क सांगत आली. वेढा नाही, तुटणं नाही. गावं सीमेला लागूनच आहेत, फक्त सीमा कुठून जाते यावर एकमत नव्हतं. याला वादग्रस्त सीमाभाग म्हणतात.

यामागचा इतिहास असा की राजुरा आणि त्याच्या पलीकडचा पहाड हा निजामाच्या राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत राजुरा तालुका मुंबई राज्याकडे, आधी नांदेड जिल्ह्यात आला, आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. वाद त्या वाटणीच्या कडेवर राहिला.

छिटमहलातल्या माणसाला एकही सरकार नव्हतं. पहाडावरच्या माणसाला दोन होती. मी एका घरी चहाला बसलो होतो. घरच्या आजीने पत्र्याच्या पेटीतून कापडात गुंडाळलेली कागदं काढली. दोन रेशनकार्डं, एकावर मराठी, एकावर तेलुगू. मतदान ओळखपत्रंही दोन. गावात दोन शाळा, एकीच्या फळ्यावर मराठी, दुसरीच्या फळ्यावर तेलुगू. मी विचारलं, "आजी, मग तुमचं गाव कोणतं राज्य?" त्या म्हणाल्या, "बाबू, पट्टा ज्यो देईन त्याचं." वनजमिनीचे पट्टे तोवर कोणीच दिले नव्हते. दोन्हीकडचं धान्य येत होतं, पण कसत असलेल्या जमिनीचा कागद नव्हता. लांबून बघणाऱ्याला दोन सरकारं म्हणजे चंगळ वाटते. जमिनीच्या कागदाचं कोणीच बघत नसेल तर दोन्ही मिळून अर्धंच सरकार होतं.

निजामाचं अख्खं राज्यच एन्क्लेव्ह होतं, असं वाचलं. खरं का?

ऑगस्ट १९४७ ते सप्टेंबर १९४८ या काळात प्रत्यक्षात तशीच स्थिती होती. हैदराबाद संस्थान भारतात सामील झालं नव्हतं आणि त्याच्या चारही बाजूंना भारत होता. समुद्र नव्हता. बाहेरून काहीही आणायचं तर भारतातून किंवा भारताच्या आकाशातून. वऱ्हाडातल्या लोकांसाठी ही सीमा म्हणजे पैनगंगा. अलीकडे भारत, पलीकडे निजाम. बल्लारपूरकरांसाठी ती वर्धा नदी, पलीकडे राजुरा. रझाकारांच्या धाकाने पलीकडून अलीकडे आलेली कुटुंबं इथल्या गावांत मिसळून गेली आहेत. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर वेढलेला मुलूख उरला नाही.

काटेकोर शब्द वापरायचा तर त्याला स्वतंत्र देश म्हणून मान्यता नव्हती, म्हणून पाठ्यपुस्तकं त्याला एन्क्लेव्ह देशांत धरत नाहीत. पण भूगोलाने त्याचं काय केलं, हे समजायला उदाहरण उत्तम आहे.

वेढलेल्या मुलखाला रस्त्याचा हक्क कायद्याने मिळतो का?

आपोआप मिळत नाही. भूवेष्टित देशांना समुद्रापर्यंत जाण्याचा हक्क १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराने मान्य केला आहे, तोही शेजाऱ्याशी अटी ठरवून. तुटलेल्या तुकड्यासाठी असा सर्वसाधारण नियम नाही. तिथे जुनी वहिवाट कामी येते.

याचा सगळ्यात गाजलेला खटला आपल्याच शेजारचा आहे. दादरा आणि नगर हवेली हे पोर्तुगीजांचे दोन तुकडे दमणच्या बंदरापासून तुटलेले होते. पेशव्यांच्या काळात, १७७९ च्या तहानंतर, वर्षाला बारा हजार रुपये वसुलीची गावं म्हणून ते त्यांना मिळाले. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी ते मुक्त केले. संगीतकार सुधीर फडके त्या मोहिमेत होते. भारताने दमणहून आत जाणारी वाट अडवली आणि पोर्तुगाल आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला.

१२ एप्रिल १९६० चा निकाल वाचताना मला पुन्हा पुन्हा आपल्या तहसील कचेरीतली भाषा आठवते. न्यायालयाने मराठ्यांच्या सनदा तपासल्या आणि म्हटलं की पेशव्यांनी दिलं ते सरंजामासारखं वसुलीचं होतं, सार्वभौमत्व नव्हे. पोर्तुगीजांची सत्ता नंतर इंग्रजांनी गृहीत धरल्यामुळे मान्य झाली. मग वहिवाट पाहिली: सव्वाशे वर्षं सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल या वाटेने जात होता, म्हणून तेवढ्यापुरता हक्क आहे. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रं मात्र दर वेळी परवानगी मागून जात, म्हणून त्यांचा हक्क नाही. आणि १९५४ ची परिस्थिती पाहता भारताने वाट अडवण्यात आपलं कर्तव्य मोडलं नाही. १९६१ मध्ये हा प्रदेश भारतात विलीन झाला.

जिथे वहिवाट नसते तिथे बांधकाम करतात. क्रोएशियाचा दुब्रोव्हनिकचा भाग बोस्नियाच्या छोट्या किनारपट्टीने तुटला होता. २०२२ मध्ये समुद्रावरून पेलेशात्स पूल झाला आणि आता सीमा न ओलांडता जाता येतं. शीतयुद्धात पश्चिम बर्लिनची श्टाइनश्ट्युकेन ही चिमुकली वस्ती पूर्व जर्मनीने वेढलेली होती. १९७१ च्या जमीन-अदलाबदलीतून तिला एक किलोमीटरभर लांबीची सडक मिळाली.

राज्यांच्या आतही असे तुकडे असतात का?

असतात. त्यांना देशांतर्गत एन्क्लेव्ह म्हणतात, आणि रस्ता अडत नसल्याने त्यांचा त्रास मुख्यतः कार्यालयांच्या अंतराचा असतो. पुदुच्चेरी चार तुकड्यांत आहे: पुदुच्चेरी, कराईकल, माहे, यानम. यानम आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ आहे. आपल्या वर्धा-वैनगंगेचं पाणी प्राणहितेतून गोदावरीत जातं आणि यानमच्या अंगावरून समुद्राला मिळतं. नगर हवेलीच्या पोटात मेघवाळ नावाचं गुजरातचं गाव आहे.

दोन भाग फक्त कोपऱ्याला टेकत असतील तर?

ऑस्ट्रियाचं युंगहोल्झ गाव जर्मनीत घुसलेलं आहे आणि बाकीच्या ऑस्ट्रियाला डोंगरमाथ्यावरच्या एका बिंदूला टेकतं. गणिताने जोडलेलं, पायाने नाही. दोन धुरे कोपऱ्याला भेटतात म्हणून बंडी जात नाही, तसंच. याला व्यवहारात एक्स्क्लेव्ह म्हणतात.

व्याघ्र प्रकल्पातली गावं?

वनखात्याच्या भाषेत जंगलाने वेढलेल्या महसुली जमिनीला एन्क्लेव्ह म्हणण्याची पद्धत आहे. मेळघाटातली बोरी, कोहा, कुंड ही गावं पुनर्वसनाआधी अशी होती. राजकीय भूगोलातला अर्थ वेगळा. प्रश्नाचा संदर्भ बघून उत्तर लिहावं.

सर, भूगोल राहू द्या. माझ्या वावराला वाट नाही, काय करू?

पालकांचा हा प्रश्न दर हंगामात येतो. नवी वाट धुऱ्यावरून मागायची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करा. जुनी वहिवाट कोणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली. दोन्ही अर्ज वेगळे आहेत, एकात मिसळू नका. सोबत चालू सातबारा, गटाचा नकाशा आणि ज्यांच्या धुऱ्यावरून वाट हवी त्यांची नावं-पत्ते लागतात. आधी त्या शेजाऱ्यांशी एकदा बसून बोला. आमची वाट शेवटी तशीच मिळाली, तुरीच्या दोन ओळी कमी पेरायच्या बोलीवर. आणि अर्ज उन्हाळ्यात करा. अधिकारी पाहणीला येतील तेव्हा वावर मोकळं हवं, धुरा डोळ्याला दिसला पाहिजे.